सूचौच्या पिंगच्यांग रोडवर होस्टेलात राहताय? कालव्याकडची खोली घेऊ नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. सत्तावीस वर्षांची एक मुलगी आणि तिच्या ५९ वर्षांच्या आई सप्टेंबरमध्ये शांघायला भावाकडे जाणार आहेत. तिथून तीन रात्री सूचौला (आपल्याकडे सुझोऊ असंही लिहितात) जुन्या कालव्यांच्या वस्तीत, पिंगच्यांग रोडवरच्या एखाद्या स्वस्त होस्टेलात राहायचा बेत आहे. भारतीय पासपोर्टवर घेतील का, जास्त पैसे भरून कालव्याकडची खोली घ्यावी का, चातुर्मासात कांदा-लसूण न खाणाऱ्या आईंच्या जेवणाचं काय, आणि तीन रात्री जास्त होतील का?

मी मँडरिनची दुभाषी आहे. इचलकरंजी-भिवंडीच्या कापडवाल्यांबरोबर शंगत्सच्या कापडबाजारात माझ्या खेपा होतात. तो बाजार सूचौच्याच हद्दीत येतो. काम संपलं की मंडळी विमानतळ गाठतात आणि मी दोन दिवस जास्तीचे काढून पिंगच्यांगच्या गल्ल्यांत पथारी टाकते. खर्च स्वतःचा, त्यामुळे होस्टेलच. आता तिथली बरीच होस्टेलं माझ्या पाठीला ओळखीची झाली आहेत.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण पैसे तिथेच वाया जातात. कालव्याकडची खोली घेऊ नका.

पिंगच्यांग रोड म्हणजे साधारण १.६ किलोमीटरची दगडी फरशीची अरुंद वाट. एका अंगाला ती वाट, शेजारून कालवा आणि पलीकडच्या काठाला घरांच्या पाठी थेट पाण्यात उतरलेल्या. १२२९ साली या शहराचा नकाशा एका दगडी शिळेवर कोरला गेला. तेव्हा शहराचं नावच पिंगच्यांग होतं. त्या नकाशात रस्ते आणि कालवे जोडीजोडीने धावताना दिसतात, आणि आज तुम्ही ज्या कालव्याकाठी उभ्या राहाल तोही त्यात आहे. शिळा शहरातल्या जुन्या कन्फ्यूशियस मंदिरात ठेवलेली आहे, सवड झाली तर बघा. हे सगळं खरं असलं तरी आजचा पिंगच्यांग रोड दिवसा म्हणजे गणपतीतला लक्ष्मी रोड. सकाळी दहाच्या सुमारास शांघायहून आलेले एका दिवसाचे पाहुणे शिरतात ते रात्री साडेनऊ-दहापर्यंत हटत नाहीत. खिडकीखालून नावा जातात, नाववाल्या बायका गाणी म्हणतात. पहिलं गाणं ऐकून डोळे भरून येतात, एकविसाव्या गाण्याला तुम्ही खिडकी लावून घेता. समोर आंबवून तळलेल्या टोफूची गाडी लागलेली असली तर खिडकी आधीच लावलेली असते. शिवाय सप्टेंबरात डास असतात, आणि पाण्याला लागून असलेल्या भिंतीची ओल गादीत उतरते. या सगळ्यासाठी रात्रीला सत्तर-ऐंशी युआन जादा मोजण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा रस्त्याला काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्यांत, दोन वळणं आत जा. नावं लिहून घ्या: दाझू, दिंगश्यांग, श्वेनछ्याव, चुंगचांगच्या. या गल्ल्यांत अजून माणसं राहतात. दारात तुळशीवृंदावन असावं तशी डाळिंबाची किंवा ओस्मॅन्थस या सुवासिक फुलझाडाची कुंडी, वर बांबूवर वाळत घातलेल्या गोधड्या आणि विहिरीच्या कट्ट्यावर भाजी निवडणारी आजी. विहिरी अजून वापरात आहेत. चुंगचांगच्या गल्लीतला कालवा १९५८ मध्ये बुजवला होता, तो परत खणून २०२० मध्ये वाहता केला. तिथे चालताना हे लक्षात ठेवा, नाहीतर तो कायमचाच तिथे असल्यासारखा वाटतो.

इथल्या चांगल्या होस्टेलांची घरं कशी असतात ते सांगते, म्हणजे फोटो बघून फसणार नाही. आपल्याकडे चौकांचा वाडा असतो ना, तसाच हा, पण चौक एकामागे एक खोल गेलेले. रस्त्याकडे दरवाजा बारका, आत चार-पाच दालनं आणि मध्ये आकाश दिसेल एवढे चौक. एका बाजूने भिंतीला चिकटून एक अंधारा बोळ पार मागच्या दारापर्यंत जातो. त्याला बेइलुंग म्हणतात. पूर्वी पाहुणे मुख्य दालनात बसलेले असताना घरातल्या बायका आणि नोकर या बोळातून ये-जा करत. १९४९ नंतर अशा एकेका घरात कितीतरी बिऱ्हाडं शिरली आणि चौकाचौकात चुली मांडल्या गेल्या. पुण्याच्या वाड्यांत वाढलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यातलीच काही घरं दुरुस्त होऊन होस्टेलं झाली. पहिल्यांदा मी त्या बोळातून बॅग ओढत गेले तेव्हा डाव्या हाताची भिंत खांद्याला लागत होती आणि अंधारात कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मग एकदम मागचा चौक उघडला. त्यात एक वेताची खुर्ची आणि खुर्चीत मांजर. माझा पलंग त्या चौकाच्या वरच्या मजल्यावर होता. रात्री साडेदहानंतर पावसाच्या पन्हाळीशिवाय काही ऐकू आलं नाही. म्हणून बुक करताना 'कालव्याचं दृश्य' शोधण्याऐवजी 'मागचा चौक, वरचा मजला' असं मागा. आईंच्या गुडघ्यांचा त्रास असेल तर तळमजला घ्या. लाकडी जिने उभे आणि अरुंद असतात, आणि लिफ्टचा प्रश्नच नाही.

आईंसाठी सामायिक खोलीत झोपायचा हट्ट नको. बायकांची चार किंवा सहा पलंगांची खोली मिळते, मी एका पलंगाला साधारण ६० ते ९० युआन देत आले आहे. गादी मात्र पाटासारखी. पडदा ओढला की आपली डबी आपल्यापुरती. पण पिंगच्यांगला हल्ली मुली येतात त्या प्राचीन पोशाख भाड्याने घेऊन फोटो काढायला. सकाळी सात वाजता सहा जणींत मिळून असलेल्या एकुलत्या आरशासमोर एक जण केसांचा मनोरा रचत बसलेली असते, पाऊण तास. मुली गोड असतात, तुमच्या आईंनाही लिपस्टिक लावून देतील. पण ज्यांना उठल्या उठल्या बाथरूम लागतं त्यांनी दोन पलंगांची, स्वतंत्र न्हाणीघराची खोली घ्यावी. ती याच होस्टेलांत दोनशेच्या आसपास मिळते. तिला 'प्याव-च्येन' म्हणतात. दोघींत वाटून घेतलीत तर फरक फार पडत नाही.

संडास अनेक ठिकाणी भारतीय पद्धतीचे, त्याचं आपल्याला काही नाही. पण पाण्याचा फवारा कुठेच नसतो. कागद वापरून तो शेजारच्या डब्यात टाकायची रीत आहे, कारण जुनी गटारं तुंबतात. एक प्लास्टिकचा मग घरूनच न्या. नळाचं पाणी पिऊ नका. प्रत्येक होस्टेलात उकळत्या पाण्याचा नळ किंवा थर्मास असतो, स्टीलची बाटली जवळ ठेवा. आणि छोटा कुकर, इंडक्शन, पाण्यात सोडायची कॉइल यातलं काहीही नेऊ नका. घरं लाकडाची आहेत, खोलीत शेगडी लावलेली दिसली तर बाहेर काढतील, आणि त्यांचं बरोबर आहे.

आता पासपोर्ट. भारतीयांना व्हिसा लागतो. २४० तासांच्या विनाव्हिसा थांब्याच्या यादीत आपण नाही, त्यामुळे युरोपियनांचे सल्ले वाचून गोंधळू नका. थेट विमानं २०२० पासून बंद होती, ती ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने परत सुरू झाली आहेत.

होस्टेलात घेतील का? कायद्याने घ्यायला हवं. हॉटेल असो की होस्टेल, परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांच्या यंत्रणेत करणं ही त्यांची जबाबदारी. पूर्वी अनेक छोटी ठिकाणं 'आम्हाला परदेशी ठेवायचा परवाना नाही' म्हणून परत पाठवायची. २०२४ मध्ये सरकारनेच स्पष्ट केलं की अशी सबब चालणार नाही. तरी प्रत्यक्षात अडचण येते, आणि तिचं कारण वेगळंच आहे. होस्टेलच्या काउंटरवर बसलेलं पोर बहुतेक वेळा पगारी नसतं. फुकट राहण्याच्या बदल्यात महिना-दोन महिने काम करणारी कॉलेजातली मुलं असतात ती. चिनी ओळखपत्र यंत्रावर ठेवलं की नोंद आपोआप होते, पण पासपोर्टची माहिती हाताने भरावी लागते, आणि ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

माझ्यावर एकदा ही वेळ आली आहे. रात्री साडेनऊ, पाऊस, बुकिंग पक्कं, पैसे भरलेले, आणि काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सिस्टिम परदेशी घेत नाही. मला भाषा येत असून उपयोग झाला नाही, कारण त्याला नाही म्हणायचं नव्हतं, त्याला खरोखरच जमत नव्हतं. मालक फोन उचलेना. शेवटी मी पुलाच्या पायऱ्यांवर छत्री धरून दुसरी जागा शोधली. तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते आणि तुम्हीही पाळा. बुकिंग केल्यावर लगेच अॅपमधून निरोप टाका: आम्ही दोघी, भारतीय पासपोर्ट, नोंदणी करता येते ना? लेखी 'हो' आलं की त्याचा फोटो ठेवा. दुसरं, दिवसाउजेडी पोहोचा, म्हणजे मालक किंवा अनुभवी माणूस हजर असतो. आणि काउंटरवर पासपोर्ट नुसता सरकवू नका, व्हिसाचं पान आणि चीनमध्ये शिरल्याचा शिक्का असलेलं पान उघडून बोट ठेवून दाखवा. त्यांना व्हिसा क्रमांक आणि प्रवेशाची तारीख हवी असते, आणि ती न सापडल्यामुळेच निम्मा घोळ होतो.

जाता जाता: भावाच्या घरी राहणार आहात, तर तिथली नोंद तुमची तुम्हाला करावी लागते, २४ तासांच्या आत, जवळच्या पोलीस चौकीत किंवा शहराच्या ऑनलाइन सोयीतून. हॉटेलवाला जे तुमच्यासाठी करतो ते घरी कुणी करत नाही. भावाला आठवण करा.

गाडी सोपी आहे. शांघायहून वेगवान गाडीने साधारण अर्धा तास, दुसऱ्या वर्गाचं तिकीट चाळीसेक युआन. रेल्वेचं १२३०६ अॅप इंग्रजीत आहे, तिकीट पंधरा दिवस आधी उघडतं आणि पासपोर्ट हेच तिकीट. स्टेशनचं नाव मात्र नीट वाचा. तुम्हाला 'सूचौ' हवं, 'सूचौ उत्तर' नाही. ते शहराबाहेर खूप लांब आहे. सूचौ स्टेशनवरून मेट्रोची ४ नंबरची लाइन धरून लछ्यावला उतरा, तिथे १ नंबरची पकडून लिनतुन लू किंवा श्यांगमन. पिंगच्यांग रोडचं दक्षिण टोक या दोन्हींच्या मध्ये पडतं. होस्टेल उत्तर टोकाला असेल तर टॅक्सी करा. मात्र टॅक्सी गल्लीत येत नाही, तुम्हाला मोठ्या रस्त्यावर उतरवून जाते. पुढचे तीन-चारशे मीटर दगडी फरशी आणि दोन कमानी पूल, पुलाला दोन्हीकडून पायऱ्या. चाकांच्या बॅगेचा खडखडाट सकाळी सहाला अख्ख्या गल्लीला ऐकू जातो. मोठ्या बॅगा शांघायला भावाकडेच टाका आणि पाठीवरच्या सॅकने या. मागून येणाऱ्या विजेच्या स्कूटरींचा आवाज होत नाही, आईंना हाताशी धरून चला.

पैशांचं: अलीपे आणि वीचॅट या तिथल्या पैसे भरायच्या दोन्ही अॅपना आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. जोडणी भारतातूनच करून जा, बँकेचा ओटीपी तिथे यायला रडतो. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीला अलीपे जादा आकार लावत नाही, त्यावर ३ टक्के लागतात. म्हणून होस्टेलचे पैसे एकदम भरण्यापेक्षा रोजच्या रोज भरता आले तर बघा. रुपेवर विसंबू नका. पाचशे-सातशे युआन रोख जवळ असू द्या. चीनमध्ये नोटा हल्ली कुणी काढत नाही, पण कायद्याने त्या नाकारता येत नाहीत. व्हॉट्सअॅप आणि गूगल होस्टेलच्या वायफायवर चालणार नाहीत. आपल्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं तर त्यावर चालतात.

आईंचं जेवण. हा प्रश्न वाटतो त्याहून सोपा आहे, फक्त 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. सूचौ नूडल्सचं शहर आहे. वाटीत वर काय घालायचं ते निवडता येतं, पण खालचा रस्सा हाडांचा असतो. गोड पदार्थांतही डुकराची चरबी जाते, साच्यात भाजलेला तो फुलाच्या आकाराचा लालसर केक दिसतो त्यातही. म्हणून दोन वाक्यं पाठ करा: 'वो छी सू', म्हणजे मी शाकाहारी, आणि 'पू याव चू-योऊ', म्हणजे डुकराची चरबी नको. तुमच्या आईंसाठी खरी सोय बौद्ध मंदिरांत आहे. चिनी बौद्धांच्या शुद्ध सात्त्विक जेवणात मांसाबरोबर कांदा-लसूण वर्गातल्या उग्र भाज्याही वर्ज्य असतात. चातुर्मास न सांगता पाळला जातो! शहराच्या पश्चिमेला शीयुएन मंदिर आहे, तिथल्या भोजनशाळेतले शाकाहारी नूडल्स शहरात नावाजलेले आहेत. मशरूम, बांबूचा कोंब, टोफू. दुपारी रांग असते, साडेदहाला पोहोचा. बाहेरच्या शाकाहारी हॉटेलांत मात्र विचारून घ्या, तिथे सगळेच कांदा-लसूण सोडतात असं नाही. वांगं सगळीकडे असतं, तेवढं आईंना ताटात ओळखू येईलच. सकाळी न्याहारीला सोयाबीनचं गरम दूध आणि वाफवलेला साधा मांतोऊ (बिनसारणाचा पाव), त्यावर घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. मी वर्षानुवर्षं हेच करते. चटणीत लसूण घालू नका म्हणजे दोघींना चालेल.

तीन रात्री जास्त नाहीत. उलट एका रात्रीत पिंगच्यांगचा फक्त गोंगाट हाती लागतो. इथे मुक्काम करायचा तो दिवसासाठी नाहीच. सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि रात्री दहानंतर, एवढेच तास तुमचे. सहाला बाहेर पडा. दुकानांच्या फळ्या लागलेल्या असतात, पाणी काचेसारखं असतं, आणि प्रत्येक घरामागे पाण्यात उतरणाऱ्या चार-सहा पायऱ्यांचा स्वतःचा घाट असतो तो तेव्हाच नीट दिसतो. एखादी आजी त्या पायरीवर बसून कपड्याच्या चिंध्यांचा पोछा कालव्यात बुचकळत असते. काठाच्या दगडांना नाव बांधायला भोकं कोरलेली आहेत. दोराने घासून त्यांच्या कडा गुळगुळीत झाल्या आहेत, बोट फिरवून बघा. नावांची रांग नऊनंतर लागते, तोवर तुम्ही परत येऊन चहा घेत असाल.

दिवसाच्या गर्दीच्या वेळी बागेत किंवा संगीतात लपायचं. नम्र अधिकाऱ्याची बाग प्रसिद्ध, मोठी, आणि आगाऊ नोंदणी करूनही माणसांच्या डोक्यांमागून बघावी लागते. मी तिथे तुम्हाला पाठवणार नाही. पिंगच्यांगच्या पूर्वेला ओऊयुएन आहे, जोडप्याची बाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शन पिंगछंग नावाच्या अधिकाऱ्याने ती घेतली आणि पत्नी यान युंगह्वाबरोबर तिथे राहिला. दोघंही कविता करायची. नावातलं 'ओऊ' म्हणजे जोडीने नांगरणारी दोन माणसं. तीन बाजूंनी पाणी, तिकीट पंचवीसेक युआन, आणि मोठ्या बागेच्या मानाने माणसं कमी. तीही जागतिक वारशाच्या यादीत आहे, दुय्यम समजू नका. दुपारी चुंगचांगच्या गल्लीत फिंगथानच्या संग्रहालयात जाऊन बसा. फिंगथान म्हणजे सूचौच्या बोलीतलं कथाकथन. एक जण तीनतारी वाद्य घेऊन, एक जण फिफा (पिपा) हे चार तारांचं वाद्य घेऊन, मध्ये बोलणं, मध्ये गाणं. शब्द मलाही निम्मेच कळतात, मँडरिनपेक्षा ती बोली इतकी वेगळी आहे. पण कीर्तन ऐकलेल्या माणसाला पूर्वरंग कुठे संपला ते बरोबर कळतं. शेजारीच खुनछ्यू संगीतनाट्याचं संग्रहालय आहे.

तारखा ठरवताना १ ते ७ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी आणि मध्य-शरद सणाची सुट्टी टाळा. त्या दिवसांत पलंगाचा भाव तिप्पट होतो आणि पुलावरून माणसं एका दिशेने सोडतात. सप्टेंबरचा मधला आठवडा, तोही सोमवार ते गुरुवार, सर्वांत बरा. महिनाअखेरीस ओस्मॅन्थस फुलायला लागतो आणि सगळ्या गल्लीला वास सुटतो.

तिसऱ्या सकाळी आईंना घेऊन आग्नेयेला फंगमन हंगच्ये या बाजारात जा. टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटं, पण सातच्या आत. सप्टेंबरात तिथे बायका रांगेने बसून बोटांना धातूची नखं चढवून एका काटेरी फळाच्या बिया सोलत असतात. त्यांना चीथौमी म्हणतात, 'कोंबडीच्या डोक्याचा तांदूळ', कारण फळ तसं दिसतं. हा म्हणजे आपला मखाणाच. बिहारमध्ये तो वाळवून, भाजून लाह्या करतात. इथे ओला, मोत्यासारखा, दुधाळ. महाग असतो, दिवसभर सोलून जेमतेम किलो-दोन किलो निघतो. पाव किलो घ्या. होस्टेलला सामायिक स्वयंपाकघर असलं तर साखरेच्या पाण्याला उकळी आणा, बिया टाका आणि मिनिटभरात उतरवा. जास्त ठेवलात तर रबर होतो.